कचेरीत बसून अरबी नामवाक्य शिकण्याची रीत

बुलढाणा जिल्ह्यातील ज्या जिज्ञासूस अरबी व्याकरणातील ‘जुम्ला इस्मिया’, म्हणजे नामापासून आरंभ होऊन बहुधा क्रियापदावाचूनच पुरे होणारे वाक्य, आत्मसात करावयाचे असेल, त्याने ग्रंथ विकत घेण्यापूर्वी वारसनोंदीचा एक अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत जावे. कारण वाक्याचा आरंभ जो मुब्तदा आणि त्याच्याविषयी कळणारी वार्ता जी खबर, या दोहोंत किती कालावकाश पडू शकतो याचे प्रात्यक्षिक अन्यत्र इतक्या स्वस्तात मिळत नाही.

प्रथम शिपायास विचारावे. तो म्हणेल, “हाकीम गायब.” अरबीत हेच ‘अल्-हाकिमु गाइबुन’, ‘आहेत’ची जरूर त्या शिपायास नाही, तशी अरबासही नाही. मुब्तदा निश्चित म्हणून त्याच्या मस्तकी ‘अल्’, खबर अनिश्चित म्हणून तिच्या शेपटास ‘उन्’, आणि विभक्ती दोघांची प्रथमाच. कारकून बाई असल्यास मात्र ‘अल्-कातिबतु गाइबतुन’ म्हणावे. आपल्याकडे साहेबही गायब आणि बाईही गायबच, पण अरबी खबरीस लिंगाचा मुलाहिजा राखावा लागतो.

उत्साहाच्या भरात खबरीसही ‘अल्’ चिकटवू नये. ‘अल्-हाकिमुल्-गाइबु’ म्हणजे नुसते ‘गैरहजर असलेले हाकीम’. खबरीचे विशेषण झाले, वाक्य लटकले आणि ऐकणारा ताटकळला. आपल्याच अर्जातील ‘मौजे मजकूर येथील कायम रहिवासी, मयत खातेदाराचा कायदेशीर वारस, वर नमूद अर्जदार’ हा मजकूर पुन्हा वाचावा, म्हणजे पानभर मुब्तदा होऊनही खबर कशी निघत नाही हे ध्यानी येईल.

मुब्तद्यास प्रथमेचा ‘उ’ कोणाच्या अधिकाराने लागतो, याविषयी बसरा व कूफा येथील वैयाकरणांत जुना तंटा आहे. बसरेवाले म्हणतात, केवळ आरंभीच्या जागेमुळे. कूफेवाल्यांच्या मते मुब्तदा आणि खबर एकमेकांस तो बहाल करतात. कचेरीचा ज्यास अनुभव आहे तो बहुधा बसऱ्याच्या बाजूने कौल देईल.

एवढ्याने कंटाळा आल्यास याच जिल्ह्यातील साखरखेर्ड्यास जावे. तेथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला, खान रणात पडला, गावास फतेहखेर्डा हे नाव मिळाले आणि हैदराबादच्या स्वतंत्र सत्तेचा पाया पडला. ‘अन्-निजामु गालिबुन’, निजाम विजयी. येथे ‘अल्’मधील ‘ल’ पुढच्या ‘न’मध्ये विरतो, कागदावर तो लिहावयाचा, उच्चारावयाचा मात्र नाही. दख्खनेत दिल्लीच्या बादशहाचा अंमल पुढे ह्याच नियमाने चालला.