घोडेस्वार हवालदार

रहदारी वाढली म्हणून मुंबई पोलिसांनी 1932 साली घोडे बंद केले आणि गर्दी आवरेना म्हणून 2020 साली परत आणले. घोड्यावरचा एक पोलीस जमिनीवरच्या 30 जणांना भारी, असं तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले होते. घोडेस्वार हवालदाराला हे गणित तोंडपाठ असतं. त्यातला घोड्याचा वाटा किती, तेवढं तो सांगत नाही.

जमिनीवर असतो तेव्हा तो चारचौघांसारखाच, बदलीची धास्ती बाळगणारा. रिकिबीत पाय अडकला की मात्र थेट सरदार. सकाळी खरारा करतो, चंदी घालतो, नाल तपासतो. घोडा जरा लंगडला तर डॉक्टर जागच्या जागी रजा लिहून देतात; ह्याच्या रजेचा अर्ज तीन टेबलं फिरून ‘कारण स्पष्ट करा’ असा शेरा घेऊन येतो.

आता ही जोडी गाळप हंगामात आमच्या तेलगावच्या चौकात उभी करा. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर, दोन्ही रस्ते इथंच गाठ घालतात. सुंदरनगरच्या कारखान्याकडे ऊस निघालेला. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मधे बैलगाड्या, टेपवर फुल आवाजात गाणी. घोडा दिसताच पहिला प्रश्न येणार, ‘‘वरात कुणाचीय?’’

पायी पोलिसानं गाडी अडवली की आपला माणूस मोबाइल पुढं करतो, ‘‘घ्या, सायबांशी बोला.’’ इथं मोबाइल वर पोचतच नाही. टाचा उंचावून फार तर घोड्याच्या कानापर्यंत जातो. पलीकडून सायेब बजावतात, ‘‘आपला कार्यकर्ता हाये, सोडून द्या!’’ घोडा शांतपणे कान हलवतो. त्याला ना बदलीची भीती, ना निवडणुकीची. चौकातला पहिला निःपक्षपाती अधिकारी!

भ्रष्टाचाराचं म्हणाल तर एकच. अडवलेल्या ट्रॉलीतून लोंबणाऱ्या वाढ्यांचा तो मोठा घास ओढतो. हवालदार आभाळाकडं बघत म्हणतो, ‘‘ते त्याचं वैयक्तिक आहे.’’

‘‘मग पावती?’’ ट्रॅक्टरवाला विचारतो.

घोडा शेपूट उचलतो आणि तीही जागेवरच देतो.