सद्गुणांची साथ

फ्लूची साथ माणसांच्या दुर्गुणांमुळे पसरते असा समज आरोग्यखात्याच्या भित्तिपत्रकांनी करून दिलेला असला, तरी रायपूरच्या तात्यापाऱ्यात उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्या इसमाचे मत याहून सर्वस्वी निराळे आहे. ती पसरते आमच्या सद्गुणांमुळे, आणि त्यांत पहिला मान शाळेतील शंभर टक्के हजेरीचा.

आमचे नातू ज्या शाळेत इयत्ता तिसरीचे विद्यार्जन करतात (तिच्या नावाचे प्रयोजन नाही, दस्तूर सर्वत्र एकच), तेथे वर्षभरात एकही दिवस न चुकविणाऱ्या बालकास स्नेहसंमेलनात प्रशस्तिपत्रक आणि स्टीलचा डबा मिळतो. या डब्यापायी गेल्या हिवाळ्यात एक बालवीर पॅरासिटामॉलच्या बळावर सलग हजर राहिला, आणि डबा त्याच्या पदरात पडेपर्यंत मागचे तीन बाक अंथरुणात पडले. गोळीने ताप उतरतो, विषाणू उतरत नाही, हे हजेरीपटास कोणी समजावावे? फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोगाचे दानसत्र सुरू करतो, ते पाच-सात दिवस चालवतो, आणि मुले तर याहूनही उदार. म्हणूनच गोळीवाचून चोवीस तास ताप न आल्यावरच मुलाची शाळेकडे रवानगी करावी, असे डॉक्टरांचे फर्मान आहे.

दुसरा सद्गुण वाटून खाण्याचा. मधल्या सुट्टीत आमच्या डब्यातला फरा एकाच्या मुखी जातो, त्याचा चीला दुसऱ्याच्या, आणि पाण्याची एकच बाटली सहा ओठांना लागून परत येते, तेव्हा तळाशी उरलेल्या ऐवजात पाणी किती आणि लाळ किती, हा दिवाणी दाव्याचा विषय व्हावा. गणवेशाला पिनेने टाचलेला रुमाल तर दुपारपर्यंत वर्गाची सामाईक मिळकत झालेला असतो.

परंतु सर्वांत घातक सद्गुण म्हणजे समाचार! घरात कोणी कण्हले की चौबे कॉलनीतून महाराष्ट्र मंडळाचे स्नेही सहकुटुंब येतात, शेजारच्या वृद्ध दाई 'लइका ला जर धरे हे का?' (पोराला ताप आलाय का?) असे कळवळून विचारीत नातवाच्या कपाळावरून आणि नाकावरून हात फिरवतात, तोच हात बोटे मोडून स्वतःच्या गालांवर नेतात, आणि तेथून थेट गोलबाजारात भाजी निवडायला जातात. साथीची ही भ्रमंती जुनीच: 1918 साली मुंबई बंदरात उतरलेला इन्फ्लुएंझा आगगाडीत बसून मुलूखभर फिरला, देशात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि रायपूर ज्यात होते त्या मध्य प्रांताची दशा फारच शोचनीय झाली. आगगाडीचे ते कार्य आज पौषातल्या थंडीत काचा लावून धावणारी शाळेची व्हॅन यथाशक्ती करीत असते.

आमच्या सूनबाईंनी यावर जो बंदोबस्त केला आहे, त्याची कलमे कडक आहेत. शिंक आली तर कोपराच्या खोबणीत, हात साबणाने, बेचा पाढा सावकाश दोन वेळा म्हणून होईपर्यंत (नातू बे पंचे दहापाशीच नळ बंद करतो), खिडक्या उघड्या. विषाणू वेश पालटीत असल्यामुळे लस दरवर्षी, आणि ती म्हाताऱ्यांनाही. या कलमावर मी हरकत नोंदविली, ती तत्काळ फेटाळण्यात आली. दाईंनी प्रेमाने आणलेली ॲस्पिरिनची गोळी, फ्लूच्या तापात ती मुलांच्या यकृताला व मेंदूला घातक ठरू शकते म्हणून, सूनबाईंनी दारातच जप्त केली.

माझी मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे की, पुढील संमेलनात तो स्टीलचा डबा तापात घरी राहिलेल्या मुलास द्यावा. तूर्त आमच्याकडे दोघे अंथरुणावर आहेत. समाचारास येऊ इच्छिणाऱ्यांनी फोन करावा, आणि संत्री आणायचीच असतील तर पिशवी फाटकाला अडकवून परस्पर जावे.