एनआरव्हीकाका

मे महिन्यात दुपारी एकच्या सुमाराला आमच्या कॉलनीतल्या एखाद्या बाथरूममधून “आयायायाय!” असा आवाज आला की पाचव्या मिनिटाला त्या घराच्या गेटची कडी वाजते. एनआरव्हीकाका आलेले असतात.

एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाण्याला पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. गच्चीवरच्या सोलरला थंड पाणी पुरवणाऱ्या पाइपवर ही पितळी झडप बसवतात. तिच्यात क्षाराचा खडा अडकला की ती उघडीच राहते आणि तापलेलं पाणी उलटं फिरून थंडाच्या नळात उतरतं. कुणाच्याही घरातल्या कुठल्याही बिघाडाचं काकांचं पहिलं निदान हेच असतं, म्हणून हे नाव पडलं. काहींच्या मते व्युत्पत्ती वेगळी आहे: काका एकदा आत आले की परत जात नाहीत.

वाळूज नाहीतर चिकलठाण्याच्या कंपनीत तीस-बत्तीस वर्षं मेंटेनन्सला काढून निवृत्त झालेला असा एक गृहस्थ सिडकोच्या प्रत्येक ‘एन’ सेक्टरमध्ये असतोच. आमचे काका युटिलिटीवाले. बॉयलर, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर हा त्यांचा संसार. ज्या माणसानं दहा किलो प्रेशरचा बॉयलर सांभाळला, १८० अंशांच्या पाण्याशी रोज आठ तास बोलणी केली, त्याला निवृत्तीनंतर नातवाच्या दुधाचं तापमान बघायला बसवलं तर दुसरं काय होणार? कंपनीचा आकाशी शर्ट, खिशाला टेस्टर, दुसऱ्या खिशात स्टीलच्या नळीतला थर्मामीटर आणि मागच्या खिशात घडी पडलेली वही. वहीत कॉलनीतल्या सगळ्या सोलरांच्या कुंडल्या आहेत. कुणाच्या किती नळ्या, कितव्या साली बसवल्या, कुठली फुटली, कुणामुळे फुटली.

शेवटच्या रकान्यात माझं नाव आहे. सोलरच्या नळीला दोन काचा असतात, मधली हवा काढून घेतलेली, आतल्या काचेवर काळा लेप. ऊन आत जातं, ते बाहेर यायला वाट नाही. आत पाणी नसेल तर नळी दोनशे अंशांच्या घरात जाते. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यात एकदा, टाकी कोरडी, सोलर कोरडं. पाणी आलं त्या दिवशी मी आनंदानं भर दुपारी कॉक उघडला. गच्चीवर फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज झाला. “तापल्या तव्यावर पाणी मारलंत,” काका म्हणाले आणि वहीत ‘३ नळ्या, मालक स्वतः’ अशी नोंद केली.

तर तो मे महिना. निळ्या चकतीच्या नळातून पोळणारं पाणी यायला लागलं. प्लंबर येऊन गेला होता. त्याचं मत थोडक्यात होतं: “साब, मई के महीने में नल गरम पानी नहीं देगा तो क्या लस्सी देगा?” त्याला शंभर रुपये देऊन मी वाटेला लावला. काकांना हे कळलं तेव्हा न विचारता कुणी अंगारा लावल्यावर डॉक्टरचं व्हावं तसं त्यांचं तोंड झालं.

“नळ कधीपासून गरम? सकाळी असतो का? किती वेळ? काल रात्री शेवटचं कोण आंघोळीला गेलं?” बायको आत निघून गेली. काका वर चढले. वर शेजारच्या वहिनींच्या कुरडया वाळत घातलेल्या. त्यांच्यामधून काका पाय उचलत करकोच्यासारखे गेले, एक मोडली, तीही वहीत गेली असावी. त्यांनी सोलरला मायेनं हात लावला. दहा वाजता लावला असता तर चाललं असतं.

हात फुंकत त्यांनी वरच्या उघड्या नळीकडे बोट दाखवलं. “ही एअर व्हेंट. हवा, वाफ इथून सुटते. ही क्षारानं बुजली की टाकी फुगते. मलिक अंबरनं चारशे वर्षांपूर्वी या गावात नहर आणली. जमिनीखालून पाणी, आणि मध्ये मध्ये उंच मनोरे बांधले. कशाला? दाब सांभाळायला, कोंडलेली हवा सुटायला. सिमेंट नाही, थर्मामीटर नाही. पण व्हेंट त्याला कळली होती. तुमच्या त्या लस्सीवाल्याला कळते का?” पाणचक्कीला पाहुणे घेऊन मी वीसदा गेलो असेन, तिथल्या हौदाकाठी बसून भेळ खाल्ली असेल, पण मलिक अंबर हा आपल्या सोलरचा पूर्वज आहे हे मला त्या तापलेल्या स्लॅबवर, अनवाणी, पहिल्यांदा कळलं.

मग आणखी दोन गोष्टी कळल्या. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, त्यामुळे इथं पाणी शंभराला नाही, अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. “बघा,” काका म्हणाले. मी बघितलं. सावली जवळपास संपली होती, मीही संपत आलो होतो.

त्यांनी एनआरव्ही खोलला. झडप स्वच्छ, खटकन बसणारी. सगळे रिपोर्ट नॉर्मल आल्यावर काही डॉक्टर खट्टू होतात, तसे काका झाले. तरी त्यांनी ती लिंबूफुलाच्या पाण्यात दोन तास बुडवून ठेवलीच, आणि तेवढ्यात आमचा चहा दोनदा झाला. मग सोलरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. तरी थंड नळाला ४४. मग दुसऱ्या बाथरूममधला मिक्सर तपासला. हातातल्या शॉवरचं बटण दाबून तो बंद केला आणि भिंतीवरचे दोन्ही नळ उघडेच ठेवले तर गरम-थंड तिथं गुपचूप एकत्र होतात, हे खरंच होतं. आमच्याकडे मुलगा तसंच करतो. त्याचं नाव वहीत गेलं. नळ बंद केले. तरी ४४.

संध्याकाळी पाच वाजता काकांनी शेवटी थर्मामीटर दोरीला बांधून वरच्या टाकीत सोडला. ४२. टाकी प्लास्टिकची, काळी, दिवसभर उन्हात.

“तुमचं थंड पाणीच गरम आहे,” काका हळू म्हणाले.

आई ओट्याशी बसली होती. तिनं माहेरी तांब्याच्या बंबावर जन्म काढलेला. गोवऱ्या, कोळसे, नळीतून निघणारा धूर, आणि घंगाळात कढत पाणी आलं की त्यात विसण. “मी सकाळपासून तेच विचारतेय,” ती म्हणाली. “गरम पाण्याला कुठं तोटा आहे? विसणाला काय घालू ते सांगा.”

काका गप्प बसले. माझ्या माहितीत पहिल्यांदाच. तीस वर्षं पाणी तापवलं होतं त्यांनी. निववायचं काम कूलिंग टॉवर करायचा. रात्री साडेनऊला ते परत आले (खरं तर गेटापर्यंतच गेले होते). बाथरूममधला २५ लिटरचा गिझर त्यांनी रात्री टाकीतलं पाणी निवल्यावर भरून घेतला आणि त्याचं बटण बंद करून वर चिकटपट्टी लावली. गिझरला जाड अस्तर असतं. ते ऊब आत धरतं तसा गारवाही धरतं. सोलरवर गोणपाट टाकलं. सकाळी गिझरच्या, म्हणजे लाल चकतीच्या नळातून बादलीभर गार पाणी आलं. आईनं ते विसणाला घेतलं आणि काकांना चक्क नमस्कार केला.

काकांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लिहून आरशाला चिकटवली: ‘मे–जून: लाल = थंड, निळा = गरम. आदेशावरून.’ नाशिकची मावशी तेवढी पोळली. तिनं चष्मा काढला होता.

चार दिवसांनी काका चिठ्ठी टिकली का ते बघायला आले. कुणाच्या तरी गच्चीवरून गोणपाट झटकून आलेले, हात काळे. “जरा हात धुतो,” म्हणून आत गेले. भर दुपारचा एक वाजला होता.

“आयायायाय!”

बाहेर आले तेव्हा बोटं शर्टाला पुसत होते. चिठ्ठीकडे त्यांनी पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मागच्या खिशातून वही काढली.

“निळा गरम येतोय,” ते म्हणाले. “एनआरव्ही. पुन्हा खोलायला लागेल.”

आईनं आत चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी वाढवलं.