सोऱ्या कुणाकडे आहे?

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की तळमजल्यावर जमलेली सगळी मंडळी माझ्याकडे बघतात. मी लिफ्टचा मेकॅनिक नाही आणि सोसायटीचा सेक्रेटरीही नाही. पण वॉचमननं एकदा 'सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे' असं जाहीर केलं, आणि मी तीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे हे अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. 'बघा ना जरा,' असं चौथ्या मजल्यावरच्या आजी म्हणतात तेव्हा त्यांच्या स्वरात अशी खात्री असते, जणू लिफ्ट माझ्या नात्यातली आहे आणि माझं ऐकेल.

मी राहतो मुंबईत दिंडोशीला, नवव्या मजल्यावर. लिफ्ट अशीच बंद पडलेल्या एका संध्याकाळी सहाव्यावर धापा टाकत कठड्याला धरून उभा होतो. जिन्याच्या जाळीतून एका बाजूला नॅशनल पार्कची हिरवी कड, दुसऱ्या बाजूला हायवेवरून दिंडोशी स्टेशनात शिरणारी मेट्रो. अशा वेळी माणसाला देव आठवतो. मला ग्रेडन होर आठवला.

हा कॅनडातला प्रोग्रामर. २००६ साली, वय वर्षं एकोणतीस, व्हँकूव्हरमधल्या आपल्या घरी परतला तर लिफ्ट बंद. तिचं सॉफ्टवेअर कोलमडलेलं, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. याचं घर एकविसाव्या मजल्यावर. आपल्याकडे अशा वेळी सेक्रेटरीला फोन जातो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडतात. यानं वर पोचून लॅपटॉप उघडला आणि नवी प्रोग्रामिंग भाषा रचायला घेतली. तिचं नाव रस्ट. तो मोझिलात नोकरीला होता. पुढे २००९ मध्ये मोझिलानं तिला आपल्या छत्राखाली घेतलं आणि १५ मे २०१५ ला तिची १.० आवृत्ती बाहेर पडली. एकवीस मजले चढून माणसाला भाषा सुचते. नऊ मजल्यांत निदान ती शिकायचा निश्चय तरी होईल, असं मी सातव्या मजल्यावर ठरवलं.

घरी जाहीर केलं. 'रस्ट म्हणजे गंज ना?' ही म्हणाली. 'बावन्नाव्या वर्षी तो वेगळा शिकायला लागतो?'

खरं तर हे नाव लोखंडाच्या गंजावरून आलेलंच नाही. होरच्या डोक्यात होती ती पिकांवर पडणारी बुरशी. म्हणजे आपला तांबेरा, ज्याला गेरवाही म्हणतात. कशातही तग धरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. बीजाणूंचे नाना प्रकार, एका झाडावरून दुसऱ्यावर मुक्काम हलवत काढलेलं आयुष्य. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ ज्याचा नायनाट कसा करावा याचा अभ्यास करतात, त्याचं नाव या गृहस्थानं कौतुकानं आपल्या भाषेला दिलं. हे मी हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, 'बरं, मग तांबेरा शिका. पण आधी दूध तापत ठेवा.'

माझ्या पिढीचा पिंड सी भाषेवर पोसलेला. डेनिस रिची यांनी ती बेल लॅबमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. पण आमच्यापर्यंत ती आणली नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी. त्यांचं 'लेट अस सी' हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांतून फिरायचं आणि कुणाच्या तरी उशाखाली सापडायचं. हत्यार निवडायचा प्रश्नच नव्हता. लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा असायचा, आणि निवड करायचीच असेल तर कुठल्या मशीनचा कीबोर्ड चालतो एवढीच. 'क्लिअरस्क्रीन' लिहायचं, शेवटी 'गेटच' लिहायचं, देवापुढे हात जोडल्यासारखं. का लिहायचं ते विचारायचं नाही.

आता निवड आहे, आणि निवड म्हणजे काय असते हे मी पुढचे चार शनिवार-रविवार शिकलो. भाषेला हात लावण्याआधी एडिटर हवा. व्हीएस कोड घ्यावा? तो सगळेच वापरतात, म्हणून नको. व्हिम घ्यावा? ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये बाहेर आणलेला, बोटांत बसला की माउस विसरायला लावणारा. पण त्यातून बाहेर कसं पडायचं हे आठवायला मला पंधरा मिनिटं लागली. खास रस्टसाठी केलेलं रस्टरोव्हर आहे, खुद्द रस्टमध्येच लिहिलेला झेड आहे, हेलिक्स आहे. मग रंगसंगती. काळ्यावर हिरवं की सुती पांढऱ्यावर निळं? मग फाँट. दादरला साडी खरेदीला गेल्यासारखी माझी अवस्था झाली. गादीवर ढीग पडलाय, दुकानदार 'अजून दाखवतो' म्हणतोय, आणि लग्न कुणाचं आहे ते सगळेच विसरलेत.

पाचव्या शनिवारी मुलगी डोकावली. 'बाबा, तुम्ही महिनाभर शिकताय ना? काय लिहिलंत?' मी तिला पडद्याचे सुंदर रंग दाखवले. ती काही बोलली नाही. पण तिच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, आतल्या खोलीतून वाक्य पुरं केलं, 'नाचता येईना, अंगण वाकडं.'

मुकाट्यानं व्हीएस कोड टाकला, त्यात रस्ट-अ‍ॅनालायझर जोडला आणि सुरुवात केली. आणि कळलं की बाकीचं अंगण रस्टवाल्यांनी आधीच सारवून ठेवलंय. रस्टअप एका आज्ञेत सगळं आणून बसवतो. बांधणी, चाचण्या, बाहेरून मागवलेला माल हे कार्गो सांभाळतो. मांडणी सरळ करायला रस्टफॉर्मॅट, आणि टोमणे मारायला क्लिपी. एकच तक्रार. 'टार्गेट' नावाच्या फोल्डरमध्ये कार्गो जो पसारा करतो, तो बघता बघता काही जीबींवर जातो. मुंबईत वन बीएचकेत वाढलेल्या माणसाला हे बघवत नाही. मी दर रविवारी 'कार्गो क्लीन' करतो, माळा आवरल्यासारखं.

मग पहिला खरा प्रोग्राम, सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी. वीस ओळी. सीमध्ये डोळे मिटून लिहिल्या असत्या. कंपायलरनं अकरा चुका काढल्या. त्यातल्या एकीला नंबर होता ई०३८२, आणि मजकुराचा मथितार्थ असा: ही वस्तू तुम्ही तेराव्या ओळीत दुसऱ्याला देऊन टाकलीत, आता सोळाव्या ओळीत ती तुमचीच असल्यासारखी कशी वापरताय? खाली बाण काढून दोन्ही ओळी दाखवल्या होत्या. पुरावाच.

मी चिडून लॅपटॉप मिटला, तेव्हा स्वयंपाकघरात वेगळाच खटला चालू होता. दिवाळी तोंडावर आलेली आणि चकलीचा सोऱ्या सापडत नव्हता. आमचा सोऱ्या पितळी, आईच्या सासूबाईंचा. 'तो सातव्या मजल्यावरच्या वहिनींना दिला होता,' ही म्हणाली. सातव्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, 'मी तो तिसऱ्यावर दिला, त्या म्हणाल्या तुम्हाला विचारलंय.' तिसऱ्या मजल्यावरचं बिऱ्हाड फ्लॅट विकून विरारला गेलेलं. आता तिथे राहणाऱ्या मुलानं दार उघडून विचारलं, 'सोऱ्या म्हणजे कुठलं ॲप?'

मी दारातच थबकलो. तीस वर्षं सीमध्ये मी ज्या चुका शोधत रात्री जागवल्या, त्या सगळ्या या एका सोऱ्यात होत्या. आपल्याकडे पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर आता भलतंच कुणी राहतंय. सीमध्ये याला लटकता पॉइंटर म्हणतात. सी तुम्हाला अडवत नाही, खुशाल दार वाजवा म्हणते, आणि आत जे असेल त्यात पीठ भरू देते. एकच रद्दी घरातल्या दोघांनी दोनदा विकावी, तशी एकच मेमरी दोनदा मोकळी करू देते. मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या भगदाडांपैकी साधारण ७० टक्के असल्याच, मेमरी हाताळण्यातल्या चुकांमुळे पडतात. लिफ्टसुद्धा अशाच कुठल्याशा चुकीनं बंद पडते, असा होरचा वहीम होता.

रस्टचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक वस्तूला एका वेळी एकच मालक. मालक गेला की वस्तू आवरली जाते. उसनी द्यायची तर दोन तऱ्हा. नुसती बघायला कितीही जणांना द्या. पण जो तिच्यात काही बदल करणार, तो एका वेळी एकटाच, आणि तोवर बाकीच्यांनी डोकवायचंही नाही. चकल्या पाडणारी एकच, बघणाऱ्यांनी हात मागे. आणि उसनी घेतलेली वस्तू मालकापेक्षा जास्त काळ कुणाकडे राहता कामा नये. हे सगळं प्रोग्राम चालायच्या आधी, कागदावरच तपासलं जातं. म्हणून कंपायलरमधला हा तपासनीस आडमुठा वाटतो. प्रत्यक्षात तो माझ्या आजीसारखा आहे. शेजारून आणलेली वाटी संध्याकाळच्या आत परत गेली का, हे विचारल्याशिवाय ती दिवा लावत नसे.

आणि मालकी हा शब्द दिंडोशीत कुणी थट्टेवारी नेत नाही. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेतून सामान्य माणसाला परवडणाऱ्या घरांसाठी वर्षानुवर्षं सरकारशी झगडून याच टेकाडावर वसाहत उभी केली. दाराची किल्ली हातात यायला काय लागतं, हे इथल्या जुन्या रहिवाशांना विचारा. शिवाय सत्र न्यायालयही इथेच आहे. कागद कुणाच्या नावावर आहे हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी भाषा शिकायला याहून योग्य जागा नाही. नवशिके अडचणीत आले की सरसकट 'क्लोन' लिहून मोकळे होतात. म्हणजे मूळ कागद सोडवत नाही म्हणून प्रत्येकाला झेरॉक्स. मीही लिहिले. क्लिपीनं टोमणा मारला.

हळूहळू जमू लागलं. एका रात्री गंमत म्हणून गावाचं नाव मोजायला दिलं. 'दिंडोशी'ची लांबी विचारली तर रस्ट म्हणाली, एकवीस. हे बाइट. त्यातली चिन्हं मोजायला सांगितली तर सात: द, वेलांटी, अनुस्वार, ड, ओकार, श, दुसरी वेलांटी. बाराखडी गिरवलेल्या कुठल्याही पोराला विचारा, ते तीन म्हणेल. टर्बो सीला हे नाव दाखवलं असतं तर भलत्याच चिन्हांची माळ आली असती. ही निदान विचारते, तुम्हाला नेमकं काय मोजायचंय? रस्टच्या अधिकृत पुस्तकात हेच समजावण्यासाठी चक्क देवनागरी 'नमस्ते' छापलाय: अठरा बाइट, सहा चिन्हं, चार अक्षरं. चार! 'स्' वेगळा आणि 'ते' वेगळा मोजलाय. आईला सांगितलं. 'न, म, स्ते. तीन,' ती म्हणाली. 'त्यांना म्हणावं, आधी पाटी घ्या.' निम्मं आयुष्य मास्तरकी केलेल्या बाईपुढे कुठल्याही कंपायलरचं चालत नाही.

एडिटरबद्दल विचाराल तर आता मत एवढंच आहे, की जो आधीपासून उघडा आहे तो चांगला. रंग कुठलाही असो, लाल रेघ लालच दिसते. नवी हत्यारं निवडण्यात जो महिना घालवला, तो फुकट गेला असंही म्हणवत नाही. या वयात नापास व्हायची भीती वाटते, आणि फाँट निवडताना कुणी नापास करत नाही, एवढंच त्याचं सुख होतं. अकरा चुका अंगावर घेतल्यावर भीती गेली.

मेंटेनन्सची यादी आता बिनचूक निघते. त्या प्रोग्राममध्ये कुठली वस्तू कुणाकडे आहे, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगू शकतो. घरातलं मात्र अजून तसंच आहे. तेव्हा विरारमध्ये कुणाच्या माळ्यावर पितळी सोऱ्या असेल, चांदणीची चकती थोडी वाकलेली, तर तो आमचा आहे. कृपया दिंडोशीला आणून द्यावा. लिफ्ट बंद असली तर वॉचमनकडे ठेवला तरी चालेल.