पोस्टमास्तर घरचाच

सातारा-सांगलीकडच्या लोकांना समांतर कारभाराचे वावडे नाही. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग साताऱ्यातच मोडत होता, तेव्हा १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने न्यायदानापासून तुफान सेनेपर्यंत सारे काही इंग्रजांना न विचारता चालवले होते. त्याच मातीतला एखादा गृहस्थ स्वतःचा ईमेल सर्व्हर उभारण्याच्या, म्हणजे टपालाची ने-आण करणारे यंत्र बड्या कंपन्यांकडे न ठेवता घरच्या माळ्यावर बसवण्याच्या खटपटीला लागला, तर नवल नाही. फरक इतकाच, की प्रतिसरकारला गावोगाव मान्यता मिळाली आणि या गृहस्थाला मात्र ती दारोदार मागावी लागते.

यंत्राचे काम जुना संगणक, लिनक्स आणि पोस्टफिक्स नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम एवढ्यावर भागते. एसएमटीपी हा टपालवहनाचा नियम १९८२ साली ठरला, तेव्हा येणारा प्रत्येक जण सज्जन असे गृहीत धरले गेले, आणि त्या भाबडेपणाची भरपाई आता नवागताला कागदपत्रे दाखवून करावी लागते. एसपीएफ ही नोंद आपल्या नावाने कोणती यंत्रे टपाल पाठवू शकतात ते जाहीर करते, डीकेआयएम पत्रावर डिजिटल सही करते, तर या तपासणीत पत्र नापास झाल्यास त्याचे काय करावे, हे डीमार्क सांगते. शिवाय न बदलणारा आयपी पत्ता आणि त्यावरून सर्व्हरचे नाव शोधता येईल अशी उलटी नोंद लागते. ती मागितली, की जोडणी द्यायला आलेला मुलगा आदबीने विचारतो, ‘‘काका, वायफाय चालतंय नव्हं?’’ पत्ता मिळालाच, तर आधीच्या भाडेकरूची उधारी नव्याच्या गळ्यात पडावी तसा जुन्या मालकाने केलेल्या स्पॅमचा डाग त्यावर असू शकतो.

जागेचा विचार सांगलीत वेगळाच करावा लागतो, कारण आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ती धास्ती नसली, तरी वीज जायची ती जातेच. अशा वेळी एसएमटीपीचा जुना सोशिकपणा उपयोगी पडतो, कारण पत्र पोचले नाही तर पाठवणाऱ्या यंत्राने चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करावा, असा संकेत आहे.

नियमानुसार सर्व्हरवर ‘पोस्टमास्टर’ नावाचा पत्ता असावाच लागतो आणि त्यावर तक्रारी स्वीकाराव्या लागतात. हे पद ओघानेच गृहस्थाकडे येते; पण बँकेचे स्टेटमेंट न आल्याची पहिली तक्रार त्या पत्त्यावर न येता थेट स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता, तोंडीच दाखल होते.