बहात्तरच्या आधीचा शिकारी

सोहोळच्या माळाला लागून वावर असलेल्या आमच्या आबांनी आयुष्यात किती हरणं मारली, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. टपरीवर गावचेच पोट्टे असले तर आठ-दहा, कारंज्याचा पाहुणा असला तर पन्नास, आणि पुण्याचा जावई आला की शंभराच्या पुढं.

काळवीट ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगानं पळतं म्हणतात. आबांच्या गोष्टीतलं काळवीट मात्र त्यांना पाहून जागीच थबकतं. मग भरमार बंदूक, एकच बार, अन् दोन काळविटं आडवी!

"एका गोळीत दोन कसे, आबा?"

"दुसरं भेवानं मेलं."

प्रत्येक शिकार मात्र 'बहात्तरच्या आधीची' असते. गावाला १९७२ आठवतं ते दुष्काळामुळं, आबांना वन्यजीव संरक्षण कायद्यामुळं. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद, हे त्यांना हनुमान चालिसेइतकं पाठ. अडचण एवढीच, की आधार कार्डावर त्यांचं जन्मसाल १९६४ आहे. नातवानं एकदा हिशेब मांडला, "म्हणजे तवा तुम्ही दुसरीत होते!"

"तवाचे पोट्टे दणकट होते बाप्पा. तुमच्यावानी बिस्किटावर नव्हते वाढले."

बंदूक कुठाय विचारावं, तर ती कुठल्याशा निवडणुकीत ठाण्यात जमा केली होती, आणायची राहून गेली. निवडणूक कोणती, हे दर खेपेला बदलतं.

खरा सामना रात्री होतो. माळावर काळविटांसाठी राखलेलं अभयारण्य जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, आणि त्याची हद्द हरणांना कुणी सांगितलेली नाही. हरभरा कोवळा असताना ती वावरात उतरतात. सोबतीला रोही आणि रानडुकरं असतातच. मग शंभर काळविटांचा कर्दनकाळ मफलर गुंडाळून माळ्यावर जागलीला बसतो. हाती बॅटरी आणि तेलाचा रिकामा डबा. धुऱ्याभोवती काकूंच्या जुन्या साड्यांचं कुंपण. हरणं अडलीच तर साड्यांना अडतात. डबा वाजायच्या आधीच आबा घोरत असतात.

यंदा हरभऱ्याच्या दोन ओळी सफाचट झाल्या. नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला वनरक्षक आले. "कळप केवढा होता?"

"शंभर तरी!" आबांच्या तोंडून सवयीनं गेलं.

वनरक्षक गावातल्याच टपरीवर चहा पिऊन आलेले. लिहिता लिहिता म्हणाले, "आबा, तुम्ही एवढी मारली म्हणता, मग ही शंभर उरली कशी?"

आबा क्षणभरही अडखळले नाहीत.

"साहेब, म्या फक्त नर मारले, तेही बहात्तरच्या आधी. मादीवर कधी हात नाही उचलला. हे त्याहीचेच नातू हायेत. खानदानी वैर! नाईतर अख्खं शिवार सोडून माह्याच वावरात कायले येतीन?"