जरा दम धर

कोल्हापुरात लहान गोष्टींकडे निरखून बघायची फारशी रीत नाही. इथं बघावा तो पैलवान, बघावं ते खासबागेचं मैदान. चपलेनंसुद्धा आधी करकर वाजून मालक आल्याची वर्दी द्यावी. अशा गावात साठीला टेकलेला एक माणूस रोज पहाटे अंगणातल्या तुळशीपुढे गुडघे टेकून, एक डोळा मिटून मंजिरीवरच्या माशीची मनधरणी करतो, हे शेजाऱ्यांच्या गळी उतरणं कठीणच. पहिले आठ दिवस त्यांना वाटलं, मी देवाधर्माला लागलो. नवव्या दिवशी शेजारच्या काकींनी कुंपणावरून विचारलं, "काय हरवलंय व्हय?" मी म्हटलं, "माशी." त्यांनी हळहळून मान हलवली आणि आत जाऊन ते कुणाला तरी सांगितलं.

मॅक्रो लेन्स घेताना वाटलं होतं, किडा मोठा दिसेल. दिसतो, पण त्याबरोबर आपला सगळा थरथराटही मोठा दिसतो. माशी जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा आतल्या सेन्सरवर उमटते आणि तिच्यातला जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा पापुद्रा स्पष्ट येतो. डोळा धरावा तर पंख धुक्यात, पंख धरावे तर डोळ्यात मोतीबिंदू. मी श्वास घेतला तरी तो पापुद्रा पुढे सरकतो, वाऱ्यानं घेतला तर बोलायलाच नको. पहिल्या महिन्यातले माझे फोटो म्हणजे पाहुणे उठून गेलेल्या सतरंज्या: मंजिरी आहे, तिचा हलता देठ आहे, माशी नाही. पुढे कळलं की लेन्सची कडी फिरवत बसू नये, आपणच कमरेतून केसभर पुढे-मागे व्हावं, कीर्तनात तंद्री लागलेल्या म्हाताऱ्यासारखं. आपली सावली फुलावर पडू देऊ नये. वरून बघू नये, किड्याच्या डोळ्याला डोळा भिडेल इतकं खाली उतरावं. आणि फ्लॅशचा उजेड चकचकीत पाठीवर थेट मारू नये, गाळून घ्यावा. त्यासाठी मी मिठाईच्या खोक्याला बटर पेपर चिकटवून एक गबाळं धूड तयार केलं. घरचे हसले. पण ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शिष्य दामल्यांना हाताशी घेऊन आख्खा कॅमेराच बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, त्या गावात एका खोक्याला कुणी हसू नये. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्मारकापुढून जाताना मी हल्ली स्कूटर थोडी हळू करतो.

खरी शिकवणी मात्र एका झोपाळूनं घेतली. तुळशीवर निळ्या पट्ट्यांची एक माशी येते, उन्हात पाण्याच्या थेंबासारखी लकाकते आणि क्षणभरही थांबत नाही. तिच्या जातीत मादी मातीत बीळ कोरून घर करते. नराला घर नाही. संध्याकाळ झाली की तो वाळक्या काडीचं टोक जबड्यात घट्ट धरतो आणि तसाच, दातांवर सगळा संसार तोलून, झोपतो. कधी एकाच काडीवर चार-पाच जण ओळीनं, तालमीच्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मंडळींसारखे. पहाटेच्या गारव्यात त्यांची अंगं आखडलेली असतात, ऊन लागेपर्यंत उडता येत नाही. तेवढा वेळ माझा. पहिल्यांदा त्या झोपलेल्या डोळ्याची जाळी स्पष्ट आली, तेव्हा नकळत मी श्वास सोडून थांबलो होतो, आणि कानात अण्णांचा आवाज आला: "जरा दम धर."

अण्णा, म्हणजे माझे वडील, गुजरीत सोनारकाम करायचे. डोळ्याला भिंग लावून ते साजाची पानं घडवत. सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख, आणि नखाएवढ्या जागेत चंद्र, मासा, कासव, शंख, बेलपान. त्या माळेत कमळही असतं आणि भुंगाही. म्हणजे फुलावरचा किडा कोल्हापूरनं केव्हाच गळ्यात घातला होता, मलाच उशिरा दिसला. मी शाळेतून येऊन त्यांच्या पाटाशी बसलो की ते हातानंच थांब म्हणायचे. श्वास सोडायचे, थांबायचे, मग एक रेघ. "एवढं बारीक कोण बघतंय, अण्णा?" असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर आलं नाही. ते पुढची रेघ ओढत होते.

परवा पावसाची झड लागली होती, बाहेर जायची सोय नव्हती. आईनं कपाटातून तिचा साज काढून दिला. खिडकीपाशी कापडावर ठेवून मी त्यातल्या भुंग्याकडे लेन्स वळवली. जन्मात पहिल्यांदा किडा हलत नव्हता आणि माझे हात हलत होते. विसाव्या प्रयत्नाला तो लख्ख आला. डाव्या पंखावर चार रेघा होत्या, उजव्यावर तीन.

आईला पडद्यावर दाखवलं. चष्मा सावरत तिनं दोनदा मोजलं.

"त्यांना कळलं असतं तर रात्रभर झोपले नसते," ती म्हणाली. "पुसून टाक तो फोटो."

मी बटणाकडे बोट नेलं.

"थांब," ती म्हणाली. "परत एकदा मोठा करून दाखव."